बाकावरचा ठोका

आमच्या वर्गात तोंडाआधी बोट चालतं. मुलं गणितं सोडवत असताना मी बाकांमधून फिरते आणि कुणाचं चुकलेलं दिसलं, की त्याच्या बाकावर बोटाने एकदा ठोकते. कुठे चुकलं, कसं चुकलं, काही सांगत नाही. ठोका पडला की मुलाने वरपासून परत बघायचं. बरोबर असेल तर मी नुसती थांबते, बघते आणि पुढे जाते. सातवीची अठ्ठावीस मुलं आणि घसा एक. दर वेळी समजावत बसले तर दुपारपर्यंत आवाज जातो. बारा वर्षं हीच पद्धत. मला तिचा भारी अभिमान होता, कुणी न विचारताही सांगायचे.

तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसणाऱ्या मुलीला मी पाऊण म्हणायचे. गृहपाठ झाला का विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "पाऊण झालाय, बाई." तो खरंच पाऊण असायचा, पण जेवढा असायचा तेवढ्यात खोट सापडत नसे. चाल मात्र मुंगीची. एकेक पायरी दोनदा तपासल्याशिवाय पुढची लिहायची नाही. तिचा बाप कुलपं दुरुस्त करतो, शाळेच्या फाटकासमोरच त्याचं दुकान आहे. वर्गातल्या कपाटाचं कुलूप त्यानेच बसवून दिलं, तेव्हा ही शेजारी उभी राहून किल्लीचे दात मोजत होती. गणितही तिला तसंच वाटत असावं. घाई केली की फिरत नाही.

सातवीच्या शेवटी क्षमता चाचणी असते. पन्नास प्रश्न, एक तास. प्रश्नांची पुस्तिका वेगळी आणि उत्तरांचा कागद वेगळा. कागदावर प्रत्येक प्रश्नासाठी चार गोळ्यांची एक ओळ, त्यातला एक गोळा पेन्सिलने काळा करायचा. तो कागद माणूस वाचत नाही, यंत्र वाचतं. तीस किंवा जास्त गुण पडले की मूल आठवीत बीजगणिताच्या तुकडीत जातं. कमी पडले की पायाभूत तुकडीत. नाव गोंडस आहे. ती तुकडी मागच्या इमारतीत बसते, तिथे बीजगणित शिकवत नाहीत, आणि तिथून परत आलेलं एकही मूल मी पाहिलेलं नाही. पाया घालत राहतात, वर घर काही बांधत नाहीत.

यंदा माणसं कमी म्हणून माझ्याच वर्गावर मला पर्यवेक्षक नेमलं. दाराशी खुर्ची टाकून एक निरीक्षक बसले. मांडीवर वही, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावरची माशी न हलणारी. सुरू होण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, फिरताना हात मागे. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, खुणा नाहीत. गेल्या वर्षी तुमच्या चित्रकलेच्या सरांचं काय झालं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. सरांनी एका मुलाला पान उलटायचं राहिलंय म्हणून बोटाने दाखवलं होतं. नुसतं पान. सबंध वर्गाचे कागद रद्द झाले आणि एकतीस मुलं सरसकट पायाभूतमध्ये गेली. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तिथे तर सगळं ओलंच होतं. मी कानाला खडा लावून हात मागे बांधले आणि फिरू लागले.

अर्धा तास झाला असेल. मी पाऊणच्या बाकापाशी आले आणि सवयीने कागदावर नजर टाकली. पुस्तिकेत ती पंचविसाव्या प्रश्नावर होती. कागदावर गोळा भरत होती चोविसाव्या ओळीत.

मी परत पाहिलं. उघड्या पुस्तिकेतला तेविसावा प्रश्न मला तोंडपाठ होता, तो तर आम्ही वर्गातच सोडवला होता. त्याचं उत्तर बाविसाव्या ओळीत पडलं होतं. मागे कुठेतरी तिने एक प्रश्न नंतर बघू म्हणून सोडला होता आणि कागदावरची ओळ सोडायची राहून गेली होती. हिशेब चोख, उत्तरं चोख, आणि एकेक उत्तर शेजाऱ्याच्या घरात.

माझं बोट पाठीमागे आपोआप वळलं. ते मी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं. दाराकडे पाहिलं तर निरीक्षक माझ्याकडेच बघत होते. फक्त एक ठोका. पण तो पडला असता तर सत्तावीस पोरांचं काय? त्यात मागच्या बाकावरचे ते दोघं भाऊ होते, ज्यांनी वर्षभर घाम गाळून कसेबसे तीस गाठले असते. मी तिथेच उभी राहिले. काय करावं ते सुचेना म्हणून उभी राहिले, दुसरं काही नाही.

तेवढ्यात पाऊणने पेन्सिल ठेवली आणि खोडरबर उचललं. माझा जीव भांड्यात पडला. सापडलं हिला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, चांगलं दोन श्वास पाहिलं. मी चेहरा दगडासारखा ठेवला. मग तिने खोडरबर खाली ठेवलं आणि पेन्सिल घेऊन पुढच्या ओळीतला गोळा भरायला लागली.

मी पुढे गेले. तास संपला तेव्हा ती पंचेचाळिसाव्या प्रश्नापर्यंत पोचली होती. शेवटचे पाच तसेच राहिले, म्हणून एक ओळ जास्त उरलीय हेही तिला कळलं नाही.

महिन्याने निकाल आला. पाऊणला बावीस. दोघं भाऊ एकतीस आणि तीस. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात जाऊन रडले.

तक्रार करायची सोय असते. चाचणीच्या कार्यालयात जाऊन मी अर्ज घेतला, तर त्यावरही गोळेच. यंत्राची चूक, नावाची चूक, इतर. मी इतरचा गोळा काळा केला. खिडकीतल्या कारकुनाने तिचा कागद आणि बरोबर उत्तरांची यादी काढून समोर ठेवली. वाईट माणूस नव्हता, बसायला खुर्ची दिली.

"हे बघा," मी म्हणाले, "सोळापर्यंत ठीक आहे. सतरापासून सगळं एक ओळ खाली सरकवा. एक्केचाळीस होतात."

त्याने पट्टी लावून मोजलं. दोनदा मोजलं. "होतात खरे," तो म्हणाला. "पण तिने ओळ चुकवली, हे कशावरून? कुणाचाही कागद वरखाली सरकवला तर काहीतरी निघेलच की."

"मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हाच."

त्याने पट्टी खाली ठेवली. "बाई, हे मी ऐकलं नाही असं समजतो. पुस्तिका आणि कागद ताडून बघणं पर्यवेक्षकाला मना आहे. लिहून दिलंत तर तुमच्या अख्ख्या वर्गाची चौकशी लागेल. देता लिहून?"

परत तेच सत्तावीस. मी अर्ज फाडून त्याच्याच टोपलीत टाकला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड दाबणारा हातही माझाच होता.

शेवटच्या दिवशी पाऊण पुस्तकं परत करायला आली. बाप बरोबर होता, दारातच थांबला. "तुम्ही खूप केलंत बाई," तो म्हणाला. "आमच्यात आकड्यांचं डोकं नाहीच कुणाला. हिलाच कुठून असणार?"

"आहे तिला," मी म्हणाले. "तुम्हाला काही माहीत नाही." माझा आवाज उगीचच चढला. तो ओशाळून बाहेर जाऊन उभा राहिला.

पाऊण कपाटात पुस्तकं लावत होती, लहानमोठी बघून. पाठमोरीच म्हणाली, "बाई, मला मध्येच वाटलं होतं."

"काय वाटलं होतं?"

"काहीतरी चुकतंय असं. आकडे जुळत नाहीयेत असं. मी सगळं परत बघणार होते, खोडरबर पण घेतलं. तेवढ्यात तुम्ही दिसलात. तुम्ही थांबलात, सगळं बघितलंत आणि ठोकलं नाहीत. म्हटलं, मग बरोबरच आहे."

तिने कपाटाला कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं.

"तरी बावीसच आले," ती म्हणाली. "म्हणजे मला येतच नव्हतं ना, बाई?"

मी सगळं सांगायला तोंड उघडलं. सांगायचं म्हणजे पहिलं वाक्य हेच आलं असतं, की मला दिसत होतं. ती किल्ली पुढे करून उभी होती. मी ती घेतली आणि म्हणाले, "बाबा थांबलेत, जा."