सहा नंबरचं चाक

"पिशवीत काय आहे, काका?"

"चाक."

ओपीडीच्या गेटवरच्या राजरत्नने पिशवी उघडून पाहिली. चाकच होतं, व्हीलचेअरचं, पुढचं, लहान. गेल्या मंगळवारी सहा नंबरच्या खुर्चीचं गेलेलं. सिक्युरिटीच्या अकरा वर्षांत त्याने चपला, मोबाइल, एकदा तर सलाईनचा स्टँडही चोरीला गेलेला पाहिला होता. चोराने माल परत आणलेला तो पहिल्यांदाच पाहत होता.

"का, भंगारवाल्याने घेतलं नाय वाटतं?"

पिशवीवाल्या धोंडिबाने वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात चौतीस वर्षं बेअरिंगं बदलली होती. निवृत्तीनंतर बीपीच्या गोळ्यांसाठी तो इथल्या रांगेत बसू लागला आणि खुर्च्यांची करकर त्याच्या कानांना सोसेना. कोरडं बेअरिंग म्हणजे कोणाचा तरी आळस, हे त्याचं जुनं मत. मग दर मंगळवारी पाना आणि ग्रीसची डबी घेऊन तो येई, रिकामी खुर्ची कोपऱ्यात ओढून नेई. घरी शेवंतीला वाटे, नवरा बीपी मोजायला जातो. दोन वर्षांत अठरा खुर्च्या गप्प झाल्या होत्या. ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण आवाज थांबला की तो थांबल्याचं कोणाला ऐकू येत नाही.

सहा नंबरचं बेअरिंग मात्र फुटून चाकात रुतलं होतं. घरच्या शिकंज्यात धरल्याशिवाय निघणार नव्हतं. पुढच्या मंगळवारी आणू, म्हणून त्याने चाकच नेलं.

"दुरुस्तीला नेलेलं," तो म्हणाला. "दर मंगळवारी एक खुर्ची करतो. फिरवून बघ."

राजरत्नने फिरवलं नाही. "कोणाला विचारून? आठवडाभर एक खुर्ची कमी. परवा एवढी गर्दी होती, एका आजीला सुनेने पाठीवर घेऊन एक्स-रेला नेली. दोनदा भिंतीला टेकली ती सून बिचारी. शिव्या मी खाल्ल्या."

"कुठली आजी?"

"मला काय माहीत. पाय सुजलेला."

भंगारवाल्याचा टोमणा धोंडिबाला लागला नव्हता, हे मात्र लागलं. कारखान्यात चालू लाइनचं मशीन त्याने विचारल्याशिवाय कधी उघडलं नव्हतं. आणि इथे एकदाही विचारलं नव्हतं.

"चला साहेबांकडे."

"येतो. आधी हे बसवू दे. पाच मिनिटं."

चार लागली. शेवटचा नट आवळताच एका बाईने ती खुर्ची ओढून नेली आणि नवऱ्याला तिच्यात बसवलं. खुर्ची लांबलचक फरशीवरून एक्स-रेच्या दिशेने गेली. राजरत्न कान देऊन उभा होता. त्याला बाईच्या चपला तेवढ्या ऐकू आल्या.

तो साहेबांच्या केबिनकडे गेला नाही. टेबलावरचं रजिस्टर त्याने पुढे ओढलं.

"दर मंगळवारी येणार ना? मग लिहायला लागेल. नाव?"

"नाव राहू दे."

"बरं. भेटायचं कोणाला?"

धोंडिबाने भिंतीकडच्या खुर्च्या न्याहाळल्या. "आज नऊ नंबर."

राजरत्नने तसंच लिहिलं.

नऊ नंबरच्या खुर्चीशेजारी बाकावर एक म्हातारी केसपेपर सांभाळत बसली होती. धोंडिबा तिच्यासमोर वाकला.

"मावशी, ही खुर्ची लागणार आहे का तुम्हाला? पाच मिनिटं घेऊ?"

"घ्या की. पण परत आणा हो," म्हातारी म्हणाली. "हल्ली इथून चाकं चोरतात म्हणे."

"हो," धोंडिबा म्हणाला, "ऐकलंय," आणि खुर्ची तिला दिसेल अशीच ठेवून त्याने पाना काढला.