डावीकडचा पुढचा टायर

तुम्ही खोटं लिहिलंत.

‘घिसे हुए टायर तथा चालक की असावधानी.’ आमच्या अपघाताचं एवढंच कारण तुमच्या रस्ते खात्याने दिलं. खाली आणखी एक ओळ आहे: डिव्हायडरवर पिवळे-काळे पट्टे ठळक होते. सही वाचता येत नाही. वाचता येऊ नये म्हणूनच केली असावी.

त्या कागदात माझ्या नवऱ्याचं नाव कुठेच नाही. ‘वाहन चालक’ आहे. लग्न झाल्यापासून मी त्यांना अहो म्हणत आले, पण इथे नाव लिहिते, कारण तुम्ही लिहिलं नाहीत. श्रीपाद टिपणीस.

परवा शनिवारी आम्ही करोल बागेत टायर घ्यायला गेलो, तेव्हा तुमचा कागद त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी करून होता. गाडी आमची मुलगी तनया चालवत होती. फाटलेल्या टायरच्या जागी स्टेपनी लावलेली, त्यामुळे गाडी सारखी डावीकडे ओढत होती. श्रीपाद मागच्या सीटवर बसले होते, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून. स्वतःच्या गाडीत मागे.

“बाबा, कोणतेही टाकू या यार,” तनया म्हणाली. “विकायचीच आहे ना आता. घेणारा एवढंच बघतो की काळे आहेत आणि गोल आहेत.”

“हो,” श्रीपाद म्हणाले. “कोणतेही चालतील.”

‘कोणतेही’ हा शब्द या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. भाजीवाल्याच्या ढिगातला प्रत्येक टोमॅटो उलटून बघणारा माणूस.

“कोणतेही नाही चालणार,” मी म्हणाले. “आणि विकायची कोणी ठरवली?”

“आई, चालवणार कोण?”



ही गाडी काय आहे ते आधी सांगते, कारण तुमच्या माणसाने तिच्यावरूनच सगळं ठरवलं. लाल आहे. बुटकी आहे. टायर रुंद आणि चपटे, खड्ड्यातून गेली की दात वाजतात. मागे दोन नळकांडी आहेत. श्रीपाद निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती गुरुग्राममधल्या एका परदेशी निघालेल्या इंजिनिअरकडून जुनी घेतली. त्याआधीचं सगळं आयुष्य त्यांनी सरकारी कचेरीतल्या आवक-जावक विभागात काढलं. आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. तिथे सगळ्या गाड्या पांढऱ्या, सगळे स्वेटर राखाडी. श्रीपाद बसने जायचे, नंतर स्कूटर आली. कचेरीत निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते त्यांनी कपाटात ठेवलं आणि पुढच्या महिन्यात ही गाडी दारात आणून उभी केली.

“हे काय?” मी विचारलं होतं.

“लाल आहे,” ते म्हणाले. दुसरं कारण त्यांनी आजपर्यंत दिलेलं नाही.

आणि चालवायचे कशी? मांडीवर ताकाचं पातेलं घेतल्यासारखी. चाळीसच्या वर काटा गेला की त्यांनाच कसंतरी व्हायचं. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीतली पोरं हसायची. “टिपणीस अंकल, इंजन बुरा मान जाएगा,” म्हणायची. रस्त्यात मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमायचे. त्यांना श्रीपाद हाताने पुढे जायची खूण करायचे, देवळात म्हाताऱ्याला आधी जाऊ द्यावं तशी.

या माणसाबद्दल तुमच्या अधिकाऱ्याने मला समोर बसवून सांगितलं, “स्पोर्टी गाड़ी है, मॅडम. अंकल शौकीन लगते हैं.”

आता टायरचं ऐका. गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही करोल बागेतल्या याच टायरच्या दुकानात गेलो होतो. जुने टायर कडक झाले होते, म्हणून चारही बदलायचे होते. दुकानदार नीरज, तोंडात सतत बडीशेप असलेला, गोड बोलणारा माणूस. त्याने एकावर एक टायर काढले. हा दिसायला भारी, हा टिकायला भारी.

“अंकलजी, ये ले लो. साठ हज़ार किलोमीटर आँख बंद करके चलेगा.”

“मुझे चलाना कम है,” श्रीपाद म्हणाले. “रोकना है. गीली सड़क पर सबसे जल्दी कौन सा रुकता है?”

“वो जल्दी घिसता भी है.”

“घिसने दो.”

मग ते फुटपाथवर गुडघे टेकून बसले, चष्मा वर करून टायरच्या कडेला नाक लावलं. टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली बनला ते तिथे चार आकड्यांत कोरलेलं असतं. एक टायर इतरांपेक्षा वर्षभर जुना निघाला. तो त्यांनी परत करायला लावला. नीरजला गोदामात माणूस पाठवावा लागला. मी तासभर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून होते आणि मनातल्या मनात या माणसाला शिव्या देत होते. हेही लिहून ठेवा.

ते टायर जानेवारीपर्यंत किती झिजले असतील?

जानेवारीत आम्ही ओळखीतल्या एकीचं हळदीकुंकू आटोपून घरी येत होतो. संध्याकाळ. धुकं आणि धूर एकत्र. श्रीपाद नेहमीपेक्षाही हळू, पुढचे दिवे खाली, मागचे चमकते ठेवून. रस्त्याच्या मध्यावर तुमचा नवा डिव्हायडर सुरू होतो, तिथे दिवा नव्हता. चमकणारी पट्टी नव्हती. रंग नव्हता. राखाडी धुक्यात राखाडी सिमेंट. ते आम्हाला दिसलं तेव्हा बॉनेटच्या पुढे होतं. श्रीपादांनी ब्रेक दाबला, स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, गाडी थांबायला लागली होती, आणि डावीकडचा पुढचा टायर त्या कोपऱ्यावर चढून फाटला. उजव्यालाही मार बसला. श्रीपादांचा गुडघा स्टिअरिंगखाली गेला. माझ्या मांडीवरचा डबा उघडला आणि तिळाचे लाडू पायाशी घरंगळत राहिले. नंतर कितीतरी वेळ मी तेच बघत होते.

चौथ्या दिवशी मी रिक्षाने इस्पितळातून घरी येताना तिथून गेले, तर डिव्हायडर पिवळा-काळा, झगझगीत. मी तुमच्या कचेरीत आले आणि सांगितलं की हे पट्टे तेव्हा नव्हते.

“पहले से हैं,” तुमचा अधिकारी म्हणाला. “कोहरे में आपको दिखे नहीं.”

“मी शेजारी बसले होते. मी बघितलंय.”

“आप तो कहेंगी ही.”

हे सगळं मी सोसलं असतं. सोसता आलं नाही ते वेगळंच. तुमचा कागद घरी आला, श्रीपादांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि म्हणाले, “असतील पट्टे. मलाच दिसले नसतील.”

“अहो, मलाही दिसले नाहीत.”

“तुझं लक्ष डब्याकडे असेल. फाइलवर आलंय म्हणजे कोणीतरी जाऊन बघितलं असेलच ना, मीनाक्षी.”

आयुष्यभर फाइली इकडून तिकडे नेलेल्या माणसाची ही चूक आहे. त्यांना खरंच वाटतं की सही करणारा आधी बघून येतो. ते डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे. तरी गाडीची किल्ली त्यांनी देवघराच्या खणात ठेवली आणि दोन महिने तिला हात लावला नाही. संध्याकाळी गॅलरीत बसून खालच्या गाड्या बघायचे, आणि मधूनच मला विचारायचे, “तो दुधाचा टेम्पो तुला कोणत्या रंगाचा दिसतो?”

निळा. त्यांनाही निळाच दिसायचा. पण विश्वास बसायचा नाही.

म्हणून मी टायर बदलायचा घाट घातला होता. विकायला नाही.

दुकानाशी गाडी लागली. नीरजने काठी बघितली, गाडीची बदललेली बत्ती बघितली आणि बडीशेप गिळली. “क्या हो गया, अंकलजी?”

“मेरी गलती,” श्रीपाद म्हणाले.

मला वाटलं, इथल्या इथे किंचाळावं. पण मी तनयाला डिकी उघडायला सांगितली.

नीरजच्या माणसाने डिकीतला फाटलेला टायर फुटपाथवर टाकला. उजवीकडचाही काढून शेजारी ठेवला. त्याला कडेला टेंगळासारखा फुगा आला होता.

“दोनों जाएँगे,” नीरज म्हणाला. “पीछे वाले तो नए जैसे हैं. बेचनी है तो सस्ते में कर देता हूँ, मेल का न सही. किसे पता चलेगा?”

“हाँ,” श्रीपाद म्हणाले. “कोई भी.”

“पुराने हम रख लेंगे. सबके रखते हैं.” नीरजने माणसाला खूण केली. तो फाटका टायर उचलायला वाकला.

“थांब,” मी म्हणाले. मग तेच त्या माणसाला हिंदीत सांगितलं आणि श्रीपादांकडे वळले. “अहो, नवा घ्यायच्या आधी हा तरी बघा. ज्याच्यावर आळ आलाय तो.”

“काय बघायचंय त्यात?”

“गुळगुळीत आहे का ते. तुमच्या खिशातला कागद म्हणतो, आहे.”

तनया म्हणाली, “आई, इथे तमाशा नको ना.”

“तमाशा इथे नाही झाला,” मी म्हणाले. “कागदावर झालाय.”

 श्रीपादांनी काठी तनयाच्या हातात दिली, गाडीला धरून एक पाय लांब ठेवला आणि कसेबसे फुटपाथवर बसले. सवयीने चष्मा वर केला. सवयीनेच आधी कडेचे चार आकडे वाचले. मग खिशातून रुपयाचं नाणं काढून खाचेत उभं केलं. नाणं चांगलं आत गेलं. त्यांनी दुसऱ्या खाचेत घालून बघितलं. तिसऱ्या.

“खोल आहे,” ते म्हणाले, पण स्वतःशीच, हलक्या आवाजात.

मग त्यांनी टायर फिरवला. फाटलं होतं तिथे कडेचं रबर सोलून निघालं होतं, आणि त्यात सिमेंट भरलं होतं. राखाडी पूड, घट्ट बसलेली. त्यांनी नखाने थोडी काढली, तळहातावर घेतली, उन्हात धरली. पुन्हा टायर फिरवला, आणखी एका जागी नख लावलं. तिथेही राखाडी.

“मीनाक्षी.”

“काय?”

“यावर पिवळं नाही.”

मला कळायला क्षणभर लागलं.

“पिवळं नाही, काळं नाही,” ते म्हणाले. आता आवाज चढला होता. “टायर कोपऱ्यावर घासून चढलाय. पट्टे असते तर रंग निघून यात भरला असता. नुसतं सिमेंट आहे. तनया, तू बघ. तुला काय रंग दिसतो?”

तनया वाकली. बराच वेळ वाकून राहिली. “ग्रे,” ती म्हणाली. मग म्हणाली, “सॉरी, बाबा.”

श्रीपादांनी खिशातला कागद काढला, पट्ट्यांची ओळ एकदा वाचली, आणि तो माझ्याकडे दिला. पहिल्यांदाच. “हे बघून लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. एखाद्याला मनातून काढून टाकावं तसे म्हणाले.

नीरजचा माणूस पुन्हा टायरकडे सरकला, तेव्हा श्रीपादांनी त्यावर हात ठेवला. “ये नहीं मिलेगा. ये मेरा है.”

“अंकलजी, कबाड़ है.”

“होगा. और नए वही चाहिए जो पहले थे. वही कंपनी, वही डिज़ाइन. पीछे वालों से मेल खाने चाहिए.”

“वो दुकान में नहीं हैं. मँगवाने पड़ेंगे.”

“मँगवाओ. मैं बैठा हूँ.” आणि ते गेल्या दिवाळीत मी बसले होते त्याच प्लॅस्टिकच्या स्टुलावर जाऊन बसले.

टायर आले, तेव्हा त्यांचे चार आकडे त्यांनी वाचले. चाकं बसली, तोल तपासून झाला. तनयाने किल्ली हातात घेतली होती. श्रीपादांनी तिच्यासमोर तळहात पसरला. ती माझ्याकडे बघायला लागली. मी दुसरीकडे बघितलं.

घरी जायचा रस्ता सरळ आहे, पण त्यांनी गाडी वळवली आणि चाळीसने तुमच्या डिव्हायडरपाशी नेली. मागे हॉर्न. श्रीपादांनी हाताने पुढे जायची खूण केली, गाडी कडेला लावली, बाजूचे चारही दिवे लुकलुकते ठेवले आणि काठी टेकत रस्ता ओलांडला. आमच्या गाडीने डिव्हायडरचा कोपरा फोडलाय. तो तुम्ही भरलासुद्धा नाहीत. कोपरा तुटून आतली खडी दिसते, आणि त्या खडीवर पिवळा रंग आहे. ब्रश आत घालून मारलेला, एक ओघळ खाली आलेला. खाली खाचेत आमच्या लाल पत्र्याची एक ढलपी चिकटली आहे. तिच्यावरूनही तुमचा पट्टा गेलाय.

श्रीपादांनी त्यावर बोट फिरवलं. तनयाने फोनवर फोटो काढले, चारी बाजूंनी, न सांगता. 

आज सोमवार. आम्ही तुमच्या कचेरीत आहोत. टायर बाहेरच्या बाकावर ठेवलाय. तुमच्या शिपायाने सांगितलं, ये यहाँ नहीं रख सकते.

“आपकी रिपोर्ट में लिखा है,” श्रीपाद त्याला म्हणाले. “तो आपके ही दफ़्तर का हुआ.”

ते टायरशेजारी बसलेत. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, तळहातात रुपयाचं नाणं. आत जाणारी-येणारी माणसं वळून बघतात. बाकावर जागा कमी पडते म्हणून एका बाईंना त्यांनी स्वतःची जागा दिली, आणि आता ते टायरवर हात ठेवून उभे आहेत. गुडघा दुखत असणार. बस म्हटलं तर बसत नाहीत. मी हे इथेच, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहिते आहे, आणि लिहून झालं की तुमच्या टेबलावर आणून ठेवणार आहे.

नाणं त्यांच्याकडे आहे. खाच तुम्ही मोजा. आणि मग एवढंच सांगा: पट्टे आमच्या आधीपासून होते, तर आमच्या गाडीने फोडलेल्या सिमेंटच्या आत पिवळा रंग कसा गेला? दार उघडून बाहेर या, आणि त्यांच्याकडे बघून सांगा.