जळगावला या

मी एक जुनी जाहिरात आहे, भिंतीवर चिकटवायची. माझ्यावर मोठ्या लाल अक्षरांत लिहिले होते, ‘जळगावला या’. मागे अजिंठ्याचे डोंगर, मध्ये केळीची बाग आणि पुढे डोक्यावर केळीचा घड घेतलेली, हसणारी एक बाई.

मित्रांनो, चाळीस वर्षांपूर्वी जळगावच्या एका छापखान्यात माझा आणि माझ्या हजार बहिणींचा जन्म झाला. चित्र काढले पितांबर पेंटरने. बाई मात्र जळगावची नव्हती. ती शिरपूरकडची धुरपदाबाई. पितांबर बहिणीकडे गेला होता, तेव्हा ती त्याला शेजारच्या बागेत दिसली. त्याने तिला चुंबळीवर घड घेऊन तासभर उन्हात उभे केले.

“अक्का, जरा हसा ना.”

“डोकावर घड शे भाऊ, हासू कशी?” असे म्हणताना ती हसली आणि पितांबरने नेमके तेच हसू कागदावर उतरवले.

निघताना ती म्हणाली, “मना एक कागद माले देशी ना? मनी पोरले दखाडसू.”

“पहिला कागद तुमचाच, अक्का.”

पहिला कागद गेला आम्हाला छापून घेणाऱ्या नगरशोभा समितीच्या अध्यक्षांकडे. पितांबर सुरतेला गेला आणि विसरला.

आम्ही स्टेशनांवर, लॉजमध्ये, पानाच्या दुकानांत लागलो. लोक थांबून बघत. नरडाण्याच्या स्टेशनावर माझी एक बहीण होती. धुरपदाबाई आठ वर्षांच्या मुलीला, सुलक्षणाला घेऊन मुद्दाम तिथे गेली आणि बोट दाखवून म्हणाली, “हाई मी शे.” पुढच्या पावसाळ्यात ती भिंत रंगवली गेली.

उरलेला आमचा गठ्ठा समितीच्या कपाटात पडून राहिला. मी सर्वांत खाली होते. कुलूप लागले ते लागलेच.

मागच्या वर्षी धुरपदाबाई गेली. तिचा एकच फोटो घरात होता, लग्नातला, आणि त्यात पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. सुलक्षणा आता जळगावच्या पिंप्राळ्यात राहते. ती स्कूटीवरून समितीच्या कचेरीत आली. कपाटाच्या दाराआडून मी तिचा आवाज ऐकत होते.

“साहेब, एकच कागद द्या. आईचा चेहरा आहे त्यात.”

तिथले भूपेंद्र साहेब म्हणाले, “ताई, जुनी वस्तू आहे, शहराचा ठेवा आहे. अशी उचलून देता येते का? अर्ज करा.”

“निदान बघू तरी द्या.”

“मंजुरी आल्याशिवाय कपाट उघडत नाही.”

तिने तीनदा अर्ज केला. कपाट उघडले नाही.

मग हिवाळ्यात समितीने बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी कचेरीमागच्या मैदानात भरिताची पंगत ठेवली. आमच्याकडे भरिताची वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात. आचारी मगन आत आला.

“साहेब, पऱ्हाट्या ओल्या शेतस. पेटतीन नही. कागद द्या काही.”

“कपाटात गठ्ठा आहे, घे. वाळवीनं खाण्यापेक्षा वांगं तरी भाजेल.”

त्या दिवशी कपाट लगेच उघडले. मंजुरी लागली नाही.

मगन थबकला. “साहेब, बाई चांगली शे हाई. दखा, हासी राहिनी.”

“मग तिलाच विचार, वांगं भाजलं का म्हणून!”

सगळे हसले. माझ्या बहिणी एकेक करून जाळात गेल्या. पऱ्हाट्यांनी पेट घेतला आणि मी तेवढी उरले. मगनने मला जमिनीवर पसरले आणि माझ्यावर गरम वांगी सोलली. पाहुणे बोटे चाटत म्हणाले, “जळगावला पुन्हा यायलाच हवं.”

दुसऱ्या दिवशी सुलक्षणा आली. तिच्या हातात समितीचे पत्र होते, ‘एक प्रत देण्यास हरकत नाही.’ साहेबांनी रिकामे कपाट पाहिले, मग खिडकीबाहेर पाहिले. ती समजली. मागच्या मैदानात जाऊन तिने काळ्या सालांच्या ढिगातून मला ओढून काढले.

आईच्या तोंडावर साल चिकटले होते. तिने ते ओल्या रुमालाने हळूच पुसले. मी रात्रभर दवात भिजलेला, चाळीस वर्षांचा कागद. मित्रांनो, मला धरून ठेवता आले नाही. सालाबरोबर चेहराही निघून आला.

तिने रुमाल बाजूला ठेवला. मग तिने घड धरलेला हात तेवढा फाडून घेतला, हिरव्या बांगड्यांसकट. ‘जळगावला या’ ही अक्षरे तिथेच टाकली.

आता मी पिंप्राळ्यात एका काचेमागे आहे. आलेला माणूस विचारतो, “हा कुणाचा हात?” सुलक्षणा सांगते, “आईचा.” चेहरा कसा होता, हे तिला दाखवता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या कपाटात कुणाचे काही पडले असेल आणि ते मागायला माणूस दारात आला असेल, तर त्याला उद्या या म्हणू नका. आजच कुलूप काढा.