एका थेंबाची दुर्बीण

मित्रांनो, मी सांगणार आहे ती गोष्ट २०१८ सालच्या नोव्हेंबरातली. त्या साली पाऊस ऑगस्टातच निघून गेला होता. दिवाळी झाली, साखर कारखान्याचा भोंगा वाजला आणि राहुरीकडच्या आमच्या गटात ऊसतोडीच्या याद्या व्हायला लागल्या.

आधी माझी ओळख करून देते. मी वीतभर लांबीची एक धातूची नळी आहे. एका टोकाला डोळा लावायचं भिंग, दुसऱ्या टोकाला तिरकस कापलेला काचेचा लोलक आणि त्यावर पारदर्शक झडप. माझं खरं नाव रिफ्रॅक्टोमीटर. ते कोणाच्याच तोंडी बसलं नाही, म्हणून सगळे मला दुर्बीण म्हणतात. खरं तर मला लांबचं काहीच दिसत नाही. मला फक्त झडपेखालचा एक थेंब दिसतो.

काम सोपं आहे. उसाच्या रसाचा थेंब लोलकावर टाकायचा, झडप मिटायची आणि मला आभाळाकडे धरायचं. सूर्याकडे नाही, आभाळाकडे. आतलं वर्तुळ वर निळं आणि खाली पांढरं दिसतं. दोन्हींच्या मधली रेघ ज्या आकड्यावर असेल, तितकी त्या रसात साखर. नुसतं पाणी टाकलं तर रेघ शून्यावर बसते. साखर वाढली की रेघ वर चढते.

हे का होतं, तेही ऐका. प्रकाश हवेतून जेवढ्या वेगाने जातो तेवढ्या वेगाने पाण्यातून जात नाही. साखर विरघळलेल्या पाण्यात तो आणखी सावकाश जातो आणि काचेत त्याहूनही. वेग बदलला की तिरका आलेला प्रकाश आपली वाट वळवतो. भरलेल्या तांब्यात काडी मोडल्यासारखी दिसते ती याचमुळे. रसात साखर किती आहे यावर प्रकाश माझ्या काचेत किती वळणार हे ठरतं. एका ठरावीक कोनापलीकडे तो पोहोचतच नाही. जिथवर पोहोचतो तिथवर पांढरं, जिथे पोहोचत नाही तिथे निळं. माझी सगळी विद्या एवढीच.

माझा जन्म अंबाल्याचा. भिंगं आणि लोलक घासणाऱ्या एका कारागिराने माझी काच इतकी गुळगुळीत केली, की तिच्यावर प्रकाश कुठे विखुरत नव्हता. २००४ साली मी कारखान्यात आले आणि शेतकी विभागातल्या ज्ञानेश्वर तात्यांच्या हातात पडले. तात्यांनी मला चौदा हंगाम वापरलं. मी उन्हात तापले की माझा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून ते मला शर्टाच्या आत, बनियनच्या खिशात ठेवायचे. घामाचा वास यायचा, पण काच गार राहायची. तात्यांच्या डोळ्यांना धुरकट दिसायला लागलं, तेव्हा ते गट ऑफिसात टेबलाच्या कामाला बसले आणि मी यशोधराकडे आले.

यशोधरा पंचविशीची. शेतकीची पदविका घेतलेली, बौद्धवाड्यातली. कारखान्यात हंगामी मदतनीस म्हणून तिचं ते पहिलंच वर्ष होतं. स्कूटीवरून फिरायची. तिच्या पिशवीत धुवट मलमलीचं एक पांढरं फडकं असायचं. प्रत्येक उसाआधी ती मला स्वच्छ पाण्याने धुवायची आणि त्या फडक्याने कोरडी पुसायची.

त्या वर्षी कारखान्याने नियम केला होता. ज्या उसाचा आकडा वीसच्या वर, त्याला पहिल्या यादीत तोड. बाकीचे फेब्रुवारीनंतर. आकडा मदतनीसाने आणि ऊसवाल्याने, दोघांनी डोळ्यांनी बघायचा आणि कार्डावर सही किंवा अंगठा करायचा.

एका दुपारी आम्ही रंगुबाईंच्या शेतावर गेलो. रंगुबाई सत्तरीच्या, नऊवारीतल्या, आवाज खणखणीत. सोबत त्यांची सून मोनिका. रंगुबाईंचा दीड एकर ऊस उभा होता आणि विहिरीत जेमतेम संक्रांतीपर्यंत पुरेल एवढंच पाणी होतं. पहिल्या यादीत नाव आलं नाही तर ऊस उभ्याउभ्या वाळणार होता.

यशोधराने मला धुतलं, पुसलं आणि ऊस टोचायला सुई काढली.

"थांब गं पोरी," रंगुबाई म्हणाल्या. "आन इकडं ती दुर्बीन."

त्यांनी मला हातात घेतलं आणि आपल्या तांब्यातलं पाणी धारेने माझ्यावर ओतलं.

"आजी, मी आत्ताच धुतलीय."

"तुजं झालं. आता माजं मी करते. आमच्या उसाचा रस पडनार त्येच्यावर."

मोनिका खाली मान घालून उभी राहिली. यशोधराच्या हाताची बोटं क्षणभर आवळली. मग तिने फडकं पुढे केलं. "निदान कोरडी पुसा. पाणी राहून चालत नाही."

रंगुबाईंनी फडक्याकडे पाहिलं. "नगं ते. झटकली की झालं."

मला दोनदा झटकलं. पण झडपेच्या बिजागरीपाशी पाणी राहिलंच. त्यावर रसाचा थेंब पडला, झडप मिटली आणि पाणी रसात मिसळलं. रेघ सोळावर थांबली. दुसऱ्या उसाच्या वेळी पुन्हा तांब्या, पुन्हा झटकणं. सोळा. तिसऱ्या वेळी पंधरा.

"सोळा?" रंगुबाई कडाडल्या. "खालच्या वस्तीवरच्या कारभारीच्या उसाला यकवीस, आन माज्याला सोळा? तू मुद्दाम करतीस व्हय गं?"

"तुमच्या हातात आहे दुर्बीण. तुम्हीच बघा."

रंगुबाईंनी पाहिलं. आकडे मोनिकाने वाचून दाखवले. कार्डावर सोळा लिहिलं गेलं आणि रंगुबाईंनी अंगठा केला.

मित्रांनो, यशोधराला ठाऊक होतं. आकडा का पडला हे तिला पहिल्या थेंबालाच कळलं होतं. तरीही तिने सोळा लिहिलं. तिच्या पेनाचा दाब नेहमीपेक्षा जास्त होता, एवढं मी पाहिलं.

निघताना मोनिका स्कूटीपाशी आली. उसाचं एक कांडं पिशवीत कोंबत म्हणाली, "ताई, राग नका धरू. खाऊन बघा घरी. आमी रोज खातो, ओठ चिकटत्यात."

कालव्याच्या पुलावर यशोधराने गाडी थांबवली. पाच वाजता ऑफिसात कार्ड द्यायचं होतं. तिने मला काढलं, धुतलं, नेहमीसारखं कोरडं पुसलं आणि मोनिकाने दिलेल्या कांड्याचा थेंब टाकला. एकवीस. तिने दुसऱ्या टोकाचा थेंब टाकला. पुन्हा एकवीस. ती कठड्यावर बसून राहिली. सोळाचा एकवीस करणं तिच्या हातात होतं, पण अंगठा सोळाखाली होता. सोळा तसंच ठेवणंही तिच्या हातात होतं आणि त्याबद्दल तिला कोणी कधी विचारलं नसतं.

तिने तात्यांना फोन लावला. "तात्या, एक कार्ड चुकलंय. मला उशीर होईल."

"चुकलं म्हंजे? दुर्बीन बिघडली का?"

"नाही. दुर्बीण नीट आहे. मी चुकीचा आकडा लिहिला."

"सहापर्यंत थांबतो. पर सहाच्या पुढं माजी बायको थांबायची न्हाई."

आम्ही परत गेलो. रंगुबाई विहिरीच्या कडेला बसल्या होत्या.

"आजी, सोळा खोटं आहे. आणि मी ते माहीत असून लिहिलं."

रंगुबाईंनी मान वर केली. "मग खरं काय?"

"झटकून पाणी जात नाही. ते रसात मिसळलं. दुधात पाणी घातलं की दूध पातळ होतं, तसा रस पातळ झाला. प्रकाशाला दुर्बीण कोणी धरलीय ते कळत नाही, आजी. साखर किती आणि पाणी किती, एवढंच कळतं."

"म्हंजे धुयाचंच न्हाई?"

"धुवा की. मीपण धुते. पण मग पुसा."

तिने फडकं पुढे धरलं. आता ते दुपारी होतं तितकं पांढरं नव्हतं. रंगुबाई फडक्याकडे पाहत राहिल्या. मग विहिरीकडे.

मोनिका हळूच म्हणाली, "आत्या, पानी सक्रांतीपतूरच हाय."

"ठावं हाय मला. माजीच हीर हाय ती."

रंगुबाईंनी फडकं घेतलं. त्यांनी माझी काच पुसली, झडप पुसली, बिजागरीत फडक्याचं टोक घालून फिरवलं. त्यांच्या हाताला भेगा होत्या, पण त्यांनी मला जपून धरलं. यशोधराने कडेच्या उसाचा थेंब टाकला आणि आधी स्वतः पाहिलं. मग रंगुबाईंनी मला तिच्या हातातून घेऊन तसंच, न धुता, डोळ्याला लावलं.

"रेघ वर चढली की गं!"

मोनिकाने वाचलं, "यकवीस."

"थेंबभर पान्यानं फसती व्हय ही?"

"ती नाही फसत, आजी. आपण फसवतो."

"लई बोलतीस," रंगुबाई म्हणाल्या, पण कार्ड त्यांनी स्वतःच पुढे ओढलं आणि नव्या आकड्यापुढे अंगठा उमटवला.

मोनिकाने चहा आणला. यशोधराला अशा घरांत चहा नेहमी कागदी कपात मिळायचा. त्या दिवशी ट्रेमध्ये तिन्ही कप कागदी होते.

"माजा कप कुटं गेला?" रंगुबाईंनी विचारलं.

"भांडी घासायची राहिल्यात, आत्या."

रंगुबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं आणि कागदी कप उचलला.

त्यांचा ऊस डिसेंबरात तुटला. विहीर संक्रांतीच्या आधी चार दिवस आटली.

ज्ञानेश्वर तात्या पुढच्याच वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या डोळ्यांतली भिंगं गढूळ झाली होती. गढूळ भिंगात प्रकाश सरळ न जाता विखुरतो, त्यालाच मोतीबिंदू म्हणतात. शस्त्रक्रिया झाल्यावर ते मला भेटायला आले आणि म्हणाले, "हिच्यावर यवढे चरे हुते? मला आजच दिसले." मोनिका आता वस्तीवरच्या बायकांबरोबर काकवी बनवते. यशोधरा संगमनेरला एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे. रंगुबाई २०२२ साली गेल्या. जाईपर्यंत दर हंगामात मला त्याच पुसायच्या. एका वर्षी यशोधराला म्हणाल्या, "तुजं फडकं झिजलं," आणि आपल्या जुन्या नऊवारीचा मऊ तुकडा फाडून दिला.

आता आकडा आपोआप दाखवणारी यंत्रं आली आहेत. मी गट ऑफिसच्या खणात असते. मित्रांनो, तुमच्या शाळेत भिंग असेल, लोलक असेल, घरात आजोबांचा चष्मा असेल. त्यांना राखेने घासू नका, खरखरीत कापडाने पुसू नका. धुवा आणि मऊ कापडाने कोरडं करा. कापड कोणाचंही चालेल. खणात माझ्याशेजारी अजून नऊवारीचा तो हिरवा तुकडा आहे. तो सगळा प्रकाश गिळून फक्त हिरवा तेवढा परत देतो आणि खण उघडला की मला सगळ्यात आधी तोच दिसतो.