साडेसत्त्याहत्तराव्या पाल्याची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. झाकण तीनदा बदललेलं, तोंडाचा टवका उडालेला. रोदोपी डोंगरातल्या नेदाबाईंनी मला आधी मिरच्यांच्या लोणच्याला वापरलं. त्यांची मुलगी स्विलेना शहरातल्या प्रयोगशाळेत लागली, तशी मी भरून बसने तिच्याकडे जाऊ लागले आणि रिकामी होऊन परत येऊ लागले. आईची बरणी ठेवून घेणं आमच्याकडे वाईट दिसतं. दर रविवारी नेदाबाईंचा फोन ठरलेला, "बरणी परत आण गं."

आमच्याकडे म्हणतात, आजार साडेसत्त्याहत्तर आणि औषधी पालेही तितकेच. ते जूनमध्ये एन्योवदेनच्या सणाला, सूर्य उगवायच्या आत खुडायचे. सत्त्याहत्तरांवरचा तो अर्धा पाला निनावी आजाराचा. नेदाबाई एक पिवळ्या फुलांचं झुडूप खुडत आणि म्हणत, हाच तो अर्धा.

पुढे मी तोच पाला नेऊ लागले. स्विलेना त्याचा अर्क काढून काचेच्या ताटलीत वाढवलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर घालून बघे.

"एवढी शिकलीस नि शेवटी पालाच उकळतेस?" नेदाबाई चिडवत. "तो तर मी चौथी शिकून उकळते."

एक दिवस स्विलेनाने कळवलं, "आई, तुझ्या पाल्याने ताटलीतल्या पेशी मेल्या गं." नेदाबाईंनी गावभर सांगितलं. फक्त 'ताटलीतल्या' हा शब्द वाटेत गळून पडला. मलाही फार अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू?

त्याच शरदात नेदाबाईंना शौचातून रक्त जाऊ लागलं. तपासणीत आतड्याचा कॅन्सर निघाला, वेळेत सापडलेला. पण आमच्याकडे रोग्याला त्या रोगाचं नाव सांगत नाहीत. नावानेच माणूस खचतो म्हणे. स्विलेनाने डॉक्टरांना गप्प राहायला लावलं.

"साधी मूळव्याध आहे, आई. छोटंसं ऑपरेशन, करून टाकू."

"मूळव्याधीला सुरी कशाला? कॅन्सर मारणाऱ्या पाल्याला मूळव्याध जड आहे होय?"

मी टेबलावरच होते. स्विलेनाने तोंड उघडलं आणि मिटलं. एक शब्द पुरला असता. मला तिचा अजून राग येतो, आणि कीवही.

हिवाळाभर नेदाबाई माझ्यातला पाला उकळून प्यायल्या. वसंतात रोग यकृतात पोचला, तेव्हा स्विलेनाने रडत नाव सांगितलं. नेदाबाई बराच वेळ मला पुसत बसल्या.

"तेव्हाच बोलली असतीस तर दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला गेले असते गं," त्या म्हणाल्या. मग मला तिच्या हातात दिलं. "ही राहू दे तुझ्याकडे."

एन्योवदेनला आठवडा असताना त्या गेल्या.

आता मी प्रयोगशाळेच्या फळीवर असते. स्विलेनाचं काम चालूच आहे. ताटलीनंतर उंदीर, उंदरांनंतर माणसं. वर्षं जातील आणि कदाचित हाती काहीच लागणार नाही. ती आता हे सगळ्यांना स्पष्ट सांगते.

मित्रांनो, बरणी धुऊन, झाकण घट्ट लावून ठेवा. आत काय आहे ते चिठ्ठीवर खरं लिहा. आणि आपल्या माणसाला काय झालंय, तेही त्याला खरं सांगा.

स्विलेना दर शनिवारी मला घासून कोरडी करते. रविवारी फोन वाजत नाही.