सहीपुरता समुद्र

पालघरच्या त्या कॉलेजात रामनाथ सरांची सही म्हणजे देवाचा कौल. मिळाली तर पदवी, नाही तर पुन्हा वर्षभर तोच बाक. कीर्तीचा प्रबंध त्यांनी आज परत ढकलला. आधी समास चुकला होता, मग जाडी कमी पडली होती. आज जमा करायचा शेवटचा दिवस, तर आता म्हणे संदर्भग्रंथ नाही!

"मुरबे गावच्या बायका बोंबील कसे वाळवतात, हे सांगितलं कोणी तुला?"

"शकूमावशीनं, सर. दिवाळीपासून तिच्यासोबत मीपण वाळवतेय."

"मावशी काय ग्रंथ आहे? हा भावेशचा बघ. कसा भरलाय!"

कीर्तीने बघितला. भावेशने बोईसरच्या झेरॉक्सवाल्याकडून तयार प्रबंध उचलला होता. गावाचं नाव तेवढं बदललेलं. पहिल्याच पानावर होतं, 'बेटेगावचे मच्छीमार पहाटे होड्या समुद्रात लोटतात.'

"सर, बेटेगावाला समुद्र कुठंय?"

"संदर्भ बघ, दोन पानं आहेत," सर म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला. समुद्राखाली त्यांची हिरवी सही डुलत होती.

कीर्ती बाहेर कट्ट्यावर जाऊन बसली. डोळ्यांपुढे पुळणीच्या वाळूत उभी मावशी आली. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, जोडी दोरीवर टाकायची, आणि तोंडाने चाललेलंच:

जोडी गं जोडिली, टांगिली दोरीला,
वाऱ्याला सांगते, जप माझ्या पोरीला.

या ओळी प्रबंधात होत्या. सरांनी त्यांवरून पट्टी फिरवली होती, समास मोजायला.

कीर्तीला हसू आलं, पण कडू. तिने पेन काढलं आणि शेवटच्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'शकू, "जबड्यात जबडा", पुळण प्रकाशन, मुरबे. वाळवलेली आवृत्ती.'

ती पुन्हा आत गेली. सरांनी पान पाहिलं. मान डोलावली.

"हं! हे आधीच सुचलं असतं तर एवढे हेलपाटे पडले असते का?"

आणि सही झाली.

दारातच भावेशने तिला गाठलं. "ए कीर्ती, तो मुरब्याचा ग्रंथ मलापन दे ना. तोंडी परीक्षेला कामाला येल. झेरॉक्स मारून लगेच आणतो."

"ने की," कीर्ती म्हणाली. "फक्त झाकून ने हां. मांजरं मागं लागतात."