रिकामं मनगट

कापसानं त्या वर्षी वऱ्हाडात भल्याभल्यांची डोकी फिरवली होती. कुठल्याशा लांबच्या मुलखात लढाई जुंपलेली, विलायतेला कापूस मिळेना, आणि इकडे नांदगाव खंडेश्वराजवळच्या एवढ्याशा खेड्यात पोरांच्या हातात चांदीची कडी आली. बापांनी हौस भागवून घेतली. नाक पुसायचं भान नसलेली ही पोरं चांदीनं मढून शाळेत येत, आणि खुशालराव मास्तरांची नजर आधी त्यांच्या मनगटांकडे जाई.

शाळा गावाबाहेरच्या देवळाच्या ओसरीत भरायची. शेजारूनच अमरावतीच्या बाजाराला जाणारी कापसाच्या गाड्यांची वाट, आणि पुढं ओढा. शंभर अनोळखी माणसं रोज तिथून जात. सहा वर्षांच्या पोराच्या मनगटात एवढी चांदी असली की काय होतं, हे मास्तरांना कुणी सांगायला नको होतं.

त्यांनी समजावून पाहिलं. गावानं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. मग एका सकाळी त्यांनी किसनराव पाटलाच्या सूर्यभानचं कडं स्वतःच्या हातानं उतरवलं आणि घरी नेऊन दिलं. इथंच चुकलं. त्या गावात पोराच्या हातचं कडं एकदाच उतरे, बाप गेला म्हणजे. धडधाकट बापाच्या लेकाचं मनगट रिकामं करणारा हा कोण? दुसऱ्या दिवशी बावीसांपैकी एकही पोरगा आला नाही.

नऊ दिवस मास्तर ओसरी झाडत, पाट्या मांडत आणि बसून राहत. समोरून येणाऱ्या बायका त्यांना पाहून वाट बदलत. दुपारी ते ओढ्याशी जाऊन उभे राहत, कारण पोरं आता अंगावरच्या चांदीसकट तिथंच हुंदडत. दिवस मावळेपर्यंत उभे. काही झालं नाही. आणि जे झालं नाही त्याची आठवण कोण ठेवतो? एकटेपणानं जीव नकोसा झाला होता, पण तेही सांगायला माणूस नव्हतं.

दहाव्या दिवशी सूर्यभानची आई सुभद्रा त्याला घेऊन ओसरीशी आली.

"मास्तर, तुमी रोज ओढ्यावर काहून उभे राह्यता? पाटील म्हणते, मास्तरच्या मनात काळं हाये. मले तसं दिसत नाही. खरं काय ते सांगा."

मास्तरांनी पाट्या सारख्या केल्या. मग म्हणाले, "माह्यं एक पोरगं होतं. पुंजाराम. सहा वर्साचं. अकोल्याच्या जत्रेत हरवलं. तिसऱ्या दिवशी विहिरीत सापडलं. हातातले कडे नव्हते."

सुभद्रानं लेकाला जवळ ओढलं. "कोनं घातले होते कडे? त्याच्या मायनं?"

पाच वर्षं या प्रश्नाला मास्तर 'हो' म्हणून मान हलवत आले होते. बाईमाणसाची हौस, असं लोकांनीच ठरवून टाकलेलं; मास्तरांनी ते खोडलं नव्हतं. दुर्गाबाई तो ठपका घेऊन अकोल्याला माहेरी गेली, ती परतलीच नाही. आताही मान हलवून भागलं असतं. पण मग बाईच्या हौसेची गोष्ट म्हणून पाटलानं ती सोडून दिली असती; इथं तर कडी बापांनीच घातली होती.

"म्या घातले," मास्तर म्हणाले. "त्याची माय नको म्हणत होती. म्या ऐकलं नाही."

सुभद्रा खाली बसली. लेकाचं कडं उतरवून तिनं कनवटीला खोचलं, आणि मनगट रिकामं दिसू नये म्हणून स्वतःच्या गळ्यातला दृष्टीचा काळा दोरा काढून त्याला बांधला.

"बाकीच्या बायायले मी सांगतो. पाटलालेही सांगतो." उठता उठता ती थांबली. "तिले सांगतलं का हे तुमी?"

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली.

त्यानंतर चौथ्या दिवशी अठरा पोरं आली, मनगटांना काळे दोरे बांधून. मास्तरांनी त्यांना पाढे घोकायला बसवलं आणि कागद पुढं ओढून 'दुर्गाबाईस' एवढं लिहिलं. मग बोरू खाली ठेवला. तिला वाचता येत नव्हतं. कुणीतरी परक्यानं ते तिला वाचून दाखवलं असतं.

शाळा सुटल्यावर त्यांनी एकेका पोराला घरापर्यंत पोचवलं. शेवटचा सूर्यभान आईजवळ गेलेला पाहिला, आणि मास्तर तसेच अकोल्याच्या वाटेला लागले.